सायंप्रार्थनेचे श्रवण

गाणे ऐकावयास गेलेला मनुष्य गायकासमोर बसतो, आवडलेल्या जागेला दाद देतो आणि शेवटी टाळ्या वाजवितो. इंग्लंडमधील कॅथीड्रलांत, म्हणजे बिशपचे पीठ असलेल्या मुख्य चर्चांत, सायंकाळी जे गायन होते त्यात ह्यांपैकी काहीच घडत नाही. ‘कोरल ईव्हनसाँग’ ह्या नावाने ओळखली जाणारी ही सायंप्रार्थना गायकवृंद गातो. जमलेले लोक बहुतेक वेळ स्तब्ध राहून ऐकतात. तरीही ते प्रेक्षक नसतात. तेथे ऐकणे हाच उपासनेतील त्यांचा वाटा होय.

ह्या प्रार्थनेची घडण इ. स. १५४९ मधली. त्या वर्षी आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर ह्यांच्या पुढाकाराने इंग्रजी भाषेतील प्रार्थनापुस्तक प्रचारात आले. तोपर्यंत मठवासी दिवसातून अनेक वेळा लॅटिनमध्ये प्रार्थना करीत असत. त्यांपैकी तिन्हीसांजेची आणि निजण्यापूर्वीची अशा दोन प्रार्थना एकत्र करून, लोकांना समजेल अशा भाषेत क्रॅन्मर ह्यांनी ही एक प्रार्थना सिद्ध केली.

सॉल्झबरी येथील कॅथीड्रलाचे उदाहरण घेता येईल. त्याची मुख्य इमारत १२२० ते १२५८ ह्या काळात उभी राहिली. मागाहून चढविलेल्या शिखराची उंची १२३ मीटर आहे. दिवस कलला की ऑर्गनचे मंद स्वर सुरू होतात आणि शुभ्र झगे घातलेली मुले व प्रौढ गायक आत येऊन समोरासमोरच्या दोन रांगांत उभे राहतात. वारकरी भजनात टाळकरी उभे राहतात, तशीच ही मांडणी. गायकांची तोंडे एकमेकांकडे असतात, श्रोत्यांकडे नव्हेत.

प्रारंभीच्या प्रार्थनेनंतर बायबलमधील स्तोत्रे येतात. जुन्या क्रमाप्रमाणे दीडशे स्तोत्रे महिनाभरात, सकाळ-सायंकाळ वाटून, पुरी होतात. एक चरण एका रांगेने गावा, पुढचा दुसरीने. चरणातील बरेचसे शब्द एकाच स्वरावर म्हटले जातात आणि शेवटी थोडे स्वर बदलून चरण विसावतो. भारतीय श्रोत्याचे कान एकाच स्वररेषेचा मागोवा घेण्यास सरावलेले असतात. येथे उंच, मध्यम आणि खर्ज असे निरनिराळे आवाज एकाच क्षणी निरनिराळे स्वर धरतात. एकेका आवाजामागे न धावता त्यांचा मेळ ऐकावा, म्हणजे हे संगीत उलगडू लागते.

त्यानंतर जुन्या करारातील उतारा वाचला जातो आणि मरीयेचे गीत गाइले जाते. मत्तांना आसनावरून खाली ओढणाऱ्या व भुकेल्यांना तृप्त करणाऱ्या ईश्वराचे हे स्तवन आहे. मग नव्या करारातील वाचन होते व त्यापाठोपाठ वृद्ध शिमोनाचे गीत येते. बाळ येशूला हाती घेतल्यावर आता आपणास शांतीने निरोप मिळावा, एवढेच तो मागतो. ह्या दोन गीतांना शतकानुशतके नव्या चाली लाभल्या. विल्यम बर्ड स्वतः रोमन कॅथलिक, तरी त्यांनी त्या दिल्या. विसाव्या शतकात हर्बर्ट हॉवेल्स ह्यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलासाठी लिहिताना तेथील दीर्घ प्रतिध्वनी ध्यानी घेऊन स्वरमेळ सावकाश बदलत नेला.

ही परंपरा दिसते तितकी अभंग नाही. यादवी युद्धाच्या काळात, १६४५ साली, पार्लमेंटने प्रार्थनापुस्तकावर बंदी घातली. गायकवृंद विखुरले, अनेक ठिकाणचे ऑर्गन मोडले गेले. १६६० मध्ये राजसत्ता परत आली, तेव्हा राजाच्या उपासनागृहातसुद्धा गाऊ शकणारी मुले उरली नव्हती. त्यांचे स्वर काही काळ कॉर्नेट नावाच्या फुंकवाद्यावर वाजवून घ्यावे लागले. पंधरा वर्षांच्या खंडाने एक पिढी गाणे विसरली होती. तो धोका आजही संपलेला नाही. मुलगा वयात आला की त्याचा आवाज फुटतो, आणि कित्येक वर्षांच्या शिक्षणाने कमावलेला उंच स्वर कायमचा जातो. म्हणून नवी मुले सतत तयार करावी लागतात. सॉल्झबरीने १९९१ साली मुलींचाही गायकवृंद स्थापिला. तेव्हापासून मुलगे आणि मुली हा भार वाटून घेतात.

पावसाळी सायंकाळी आसने बहुतांशी रिकामी असली, तरी गायनात काटकसर होत नाही. शेवटचे भक्तिगीत व प्रार्थना संपली की वृंद रांगेने निघून जातो. कोणी टाळ्या वाजवीत नाही, कारण गाणे श्रोत्यांना उद्देशून नव्हतेच.

७ ऑक्टोबर १९२६ रोजी बीबीसीने वेस्टमिन्स्टर ॲबेमधून ही प्रार्थना प्रथम प्रक्षेपित केली, आणि हा कार्यक्रम आजही चालू आहे. दूर घरी, दिवा लावून ऐकणाऱ्याला गायक दिसत नाहीत. पण कॅथीड्रलात बसलेल्यालाही मन एकाग्र करून ऐकण्यापलीकडे फारसे काही करावयाचे नसते. तेवढे केले, की घरचा श्रोताही त्या प्रार्थनेत सामील होतो.