भुतांची ऑर्डर

पहाटे साडेपाच, नांदेड

भूत भाड्यानं द्यायचं तर ते आधी धुतलेलं असावं. रबरी मुखवट्याच्या आतला एकाचा घाम दुसऱ्याच्या तोंडाला लागतो आणि पुरळ उठतं. म्हणून सकाळचं पहिलं काम म्हणजे मुखवटे साबणाच्या पाण्यानं आतून पुसून पंख्याखाली ठेवणं. इतवाऱ्यातल्या आमच्या दुकानातून वर्षभर शाळांच्या गॅदरिंगला ड्रेस जातात: जिजाऊ, सावित्रीबाई, वासुदेव, पोस्टमन, वांगं, टमाटा. अलीकडं एक मांडणी काळ्या झग्यांची आणि सांगाडे छापलेल्या अंगरख्यांची झाली आहे आणि ती पडून राहत नाही.

आज शुक्रवार, 31 ऑक्टोबर 2025. ऑर्डर लातूरची, औसा रोडवरच्या एका वसाहतीची. हॅलोवीन, पण तेरा वर्षांपुढच्या मुलांचा आणि मोठ्यांचा एकत्र. लहान लेकरं नकोत हे मीच सांगितलं. सहा वर्षांच्या लेकराला मुखवट्यामागं शेजारचे काका आहेत हे दाखवलं की ते हसतं. रात्री दोन वाजता मात्र त्याला काका आठवत नाहीत, मुखवटाच आठवतो.

गेल्या वर्षी याच तारखेला नरक चतुर्दशी होती, त्यामुळं कुणी फोनही केला नाही. यंदा दिवाळी होऊन दहा दिवस झाले. फराळाचे डबे तळाला लागले आहेत आणि लोकांना पुन्हा जमायला निमित्त हवं आहे.

सात

टेम्पो भरला. मंडपाचं काळं कापड, जुन्या साड्यांचे गठ्ठे, बांबू, सुतळी, पिंजलेला कापूस, बॅटरीचे दिवे, तीन घोंगड्या, सहा कंदील. भाच्यानं वर एक अवाढव्य स्पीकर चढवला. "हे कशाला रे?" "बघच आत्या तू." बघते म्हटलं.

लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन नेलं ते दोन्ही बाजूंना अजून दिसतं. वसाहतीतही त्यावरून वाद झाला होता. औंदा नकोच, असं काहीजण म्हणत होते. शेवटी डीजे काढून टाकला आणि त्याचे पैसे गावाकडच्या मदतीला दिले. मला ते बरंच वाटलं. डीजे असला की भुतांचं कुणी ऐकत नाही.

साडेदहा, गंजगोलाई

लातूरच्या गोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या भाजीच्या बाजूला मला भोपळे हवे होते. भाजीवाल्या मावशीनं नेमका कापलेला पुढं केला. लोकांना आतला रंग बघून घ्यायचा असतो. मी अख्खे, देठासकट, बुडाला सपाट असलेले मागितले, तेव्हा तिनं विचारलं, "काय करलालाव एवढ्याचं? लग्न हाय का?" तोंड कोरून दिवा लावणार म्हटल्यावर ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मी दोन जास्त घेतले.

आपला भोपळा कोरायला चिवट असतो. गर जाड, साल टणक. वरून टोपी कापली तर ती वाळून आत पडते, म्हणून भोक बुडाला पाडायचं आणि भोपळा दिव्यावर पालथा ठेवायचा. गर फेकायचा नाही. वसाहतीतल्या दोघीतिघींनी घारग्यांसाठी आधीच सांगून ठेवला होता.

तसा भोपळा हा या सणाचाही मूळचा नाही. आयर्लंडमध्ये सुगी संपून थंडीचा काळोख सुरू व्हायचा तेव्हा 'सावन' (Samhain) नावाचा सण असे. पुढं तिथले लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना मोठाले भोपळे मिळाले आणि त्यांनी सलगम सोडलं. त्यांनी हाताशी आलं ते घेतलं, मग आपणही घ्यायला हरकत नाही. एक अडचण मात्र आहे. आपल्याकडं लेकीच्या घरून परतणारी म्हातारी भोपळ्यात बसूनच वाघाच्या तावडीतून सुटते. त्यामुळं आपल्या पोरांना भोपळ्याची भीती काही वाटत नाही. तो दाराशी शोभेला ठेवावा आणि भीतीचं काम दुसऱ्या कुणाकडं द्यावं.

बारा

वसाहतीच्या हॉलमध्ये पोरांची समिती जमली होती. अकरावी-बारावीची मुलं, दोघं नीटची तयारी करणारी, डोळे पुस्तकानं सुजलेले. त्यांनी आपापलं सामान आणलं होतं. दिवसाचं खरं काम या तासाभरात झालं.

एका खोक्यातून फासावर लटकणारा पुतळा निघाला. दोरीसकट, ऑनलाइन मागवलेला.

"हा परत खोक्यात."

"काकू, सगळीकडं लावतात."

"सगळीकडं लावू द्या."

आपल्या नात्यात किंवा गावात कर्जापायी कुणी गळफास घेतलेला नाही, असा माणूस मराठवाड्यातल्या पाहुण्यांत शोधून काढावा लागेल. त्यात यंदाचा पाऊस. समजावत बसावं लागलं नाही. खोकं बंद करणारा पोरगाच पुढं अर्धा तास गप्प होता.

मग भाच्याचा स्पीकर. तो लाकडी फळ्यांच्या खाली ठेवायचा, खोलीत माणूस शिरला की खालून घुमवायचा, म्हणजे पायाखालची जमीन थरथरते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी फळ्या काढायला लावल्या. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले. हाच औसा रोड पुढं किल्लारीकडं जातो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं उद्ध्वस्त झाली, जवळपास दहा हजार माणसं गेली. उरलेल्यांनी पुढचे कित्येक दिवस घर उभं असूनही अंगणात काढले. आज पन्नाशीला आलेला बाप तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याच्या पोराला किल्लारी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात भेटते. तरुण पोरं आणि मोठी माणसं एका छताखाली आणायची तर एवढं तपासावंच लागतं. एकाला जो इफेक्ट वाटतो, तो दुसऱ्यानं भोगलेला असतो. भाच्याचा जन्म त्यानंतरचा. त्यानं स्पीकर टेम्पोत नेऊन ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही.

तिसरी गोष्ट नाकारणं जड गेलं, कारण एका मुलीनं ती मन लावून केली होती. काळी बाहुली, बिबे, टाचण्या टोचलेली लिंबं आणि दाराशी बसलेली भानामती करणारी बाई. ती बाई स्वतः तीच होणार होती. पण भानामतीच्या संशयावरून या भागात खऱ्या बायकांना मारझोड झाली आहे, गावानं वाळीत टाकलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी इथं वर्षानुवर्षं गावोगाव जाऊन ही प्रकरणं उलगडली. 2013 साली समितीच्याच डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादीवर करणीचा आळ घेणं त्यात गुन्हा ठरलं. त्या आळाची आपण सजावट करायची नाही. झाडूवरची चेटकीण चालेल का, असं तिनं विचारलं. चालेल म्हटलं. तिकडंही त्या बायकांना जाळलंच होतं, पण इथल्या कुणाच्या आजीला ते आठवत नाही. उत्तर फार सरळ नव्हतं हे तिलाही कळलं असावं. तिनं झाडू घेतला नाही, ती हडळ झाली.

आसरा नको, कारण विहिरीवर त्यांना नारळ वाहणाऱ्या बाया पाहुण्यांत असणार. अंगात येण्याची नक्कल नको, पोतराज नको. तृतीयपंथी म्हणून साडी नेसून टाळ्या वाजवणारा एकजण असतोच, तोही नको.

मुंजा मात्र हवाच. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला पोरगा, मुक्काम पिंपळावर. 2024 साली आलेल्या 'मुंज्या' सिनेमामुळं पोरांना तो कोकणातला वाटतो. मोठ्यांच्या गावात त्याचा पार असतो आणि त्यावर दुपारी पत्ते चालतात.

दोन

धपाटे, दही, ठेचा. वीस मिनिटं.

अडीच ते पाच

भीतीचं काम मी चकव्याला दिलं. हे भूत कुणाच्या घरातलं नाही, बाईचं नाही, जातीचं नाही. रात्री शेतातून येताना माणूस त्याच त्या बांधावर फिरत राहतो आणि उजाडल्यावर बघतो तर घर हाकेच्या अंतरावर. करायलाही स्वस्त: हॉलभर दोऱ्या बांधायच्या, साड्या सोडायच्या, वाट वळवत न्यायची.

साड्या जमिनीपासून वीतभर वर ठेवते. बाहेर उभं राहून आतले पाय दिसले पाहिजेत, कोण कुठं थबकलंय ते पायांवरून कळतं. वाट दोन माणसं शेजारून जातील एवढी रुंद. बंद टोक एकही नाही, गर्दी तिथंच तुंबते. दर तिसऱ्या वळणाला पडद्यामागं एक माणूस टॉर्च घेऊन, साध्या कपड्यांत. आत ज्योत नाही, कंदिलातही बॅटरीचाच दिवा, कारण कापूस आणि जुनं नायलॉन पेटायला एक ठिणगी पुरते. धुराचं यंत्र मी वापरतच नाही. कुणाला दमा आहे ते पत्रिकेवर छापून येत नाही.

खरी गंमत तीन जागांवर केली. तीन ठिकाणी हुबेहूब तोच कंदील, तोच शेंदूर न लावलेला दगड आणि तीच फाटकी घोंगडी. माणूस दुसऱ्या कंदिलाशी आला की म्हणतो, अरे, आपण इथनंच गेलो होतो. तिथून पुढं त्याला मुखवट्याची गरज उरत नाही.

चकवा लागला की जागच्या जागी बसावं, असं जुनी माणसं सांगत. तोच नियम केला. घाबरलात तर बसा, टॉर्चवाला येऊन बाहेर नेईल.

साडेपाच

रंगरंगोटी. रक्तासाठी काकवी घेते, त्यात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. दिसतं झकास, तोंडात गेलं तरी गोड. मात्र मुंग्या लागतात, म्हणून ते गालावरच लावायचं, कपड्यांवर नाही. पांढऱ्यासाठी आधी खोबरेल, मग रंग. उलट केलं तर रात्री चेहरा सुटत नाही.

पोरं आरशासमोर तास काढतात. मोठी माणसं ड्रेस घालत नाहीत. त्यांना लाज भुताची नसते, शेजाऱ्याची असते. त्यांच्यासाठी मी एका टेबलावर नुसत्या वस्तू मांडते: मिशी, काठी, फेटा, जुना चष्मा, कंदील. एक वस्तू हातात आली की पाच मिनिटांत दुसरी आपोआप जाते. बँकेतून थेट आलेल्या एका साहेबांनी नको नको म्हणत मिशी घेतली आणि नंतर ती परत द्यायला तयार होईनात.

सात

सूर्य सहाच्या आत मावळला होता, पण काळोख काही पडेना. शुक्ल पक्ष, पौर्णिमा पाच दिवसांवर, गच्चीवर लख्ख चांदणं. इंग्रजी तारखेनं भुतं बोलावली की तिथी असं करते. हॉलच्या खिडक्यांना काळं कापड चढवलं.

दारात दुरडी ठेवून सगळ्यांचे फोन त्यात घातले. टोळ्या तिघांच्या: दोन पोरं आणि एक मोठं माणूस, पण आपल्या घरचं नाही. पोरं एकत्र सोडली तर ओरडून मजा घालवतात. आईबाप आपल्याच पोराबरोबर गेले तर जपून चाल, पडशील, एवढंच बोलतात. दुसऱ्याच्या पोराबरोबर बाप वेगळाच असतो. दुसऱ्या कंदिलाशी सगळ्यात आधी बसले ते वसाहतीचे खजिनदार.

नऊ

जेवणं झाल्यावर गच्चीवर गोष्टी. दोन मुलींनी धारपांच्या भयकथा वाचलेल्या निघाल्या, एकीनं मतकरींच्या. पण त्यांनी वाचलेलं सांगितलं आणि मोठ्यांनी ऐकलेलं, तिथं मोठे सरस ठरले. गावाचं नाव, ओढ्याचं नाव, बैलांची नावं यायला लागली की ऐकणारा सावरून बसतो. शेवटी एका आजींनी नाथांचं भुताचं भारूड म्हटलं. परवा कार्तिकी एकादशी, त्यांच्या तोंडात ते बसलेलंच होतं. पोरं हसायच्या तयारीत होती. त्या भारुडात ध्रुवाला आणि नारदाला धरणारं भूत म्हणजे पंढरपूरचा विठ्ठल, हे कळल्यावर मुंजा झालेल्या पोरानं ते पुन्हा म्हणायला लावलं.

दहाला माइक बंद केला. नियमच आहे तो, त्यात भुतांना सवलत नाही.

अकरा

साड्या उतरवल्या, मोजल्या, मुखवटे वेगळ्या पिशवीत भरले. हिशेब मिटला. एक मिशी परत आली नाही, तिचे पैसे लावले.

ज्यांना पुढच्या वर्षी करायचं आहे त्यांच्यासाठी: 31 ऑक्टोबर 2026 ला शनिवार आहे आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, म्हणजे ही तारीख दिवाळीच्या साफसफाईत सापडणार. हॉल दसऱ्याच्या आधी धरा. साड्या आमच्याकडं आहेत. मुखवटे मागण्याआधी मात्र आपल्या पाहुण्यांची यादी एकदा वयानं आणि गावानं वाचून बघा.