मध्ये सर्व्हर नसताना शोध लागतो कसा?

समजा, वालूरमधल्या (ता. सेलू, जि. परभणी) एका संगणकावरून कुणी जुन्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण शोधत आहे. नेहमीच्या सर्च इंजिनमध्ये हा प्रश्न एका कंपनीच्या सर्व्हरकडे जातो. पीअर-टू-पीअर जाळ्यात जोडलेले संगणकच प्रश्न पुढे नेतात आणि उत्तरही देतात. माहितीची किल्ली एकाच्या हाती न ठेवणारी ही रचना मोलाची आहे. म्हणूनच तिच्याविषयीचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : प्रश्न जाळ्यातल्या प्रत्येक संगणकापर्यंत पोहोचतो.
वस्तुस्थिती : २००० साली आलेल्या ‘ग्नूटेला’ या पीअर-टू-पीअर जाळ्यात प्रत्येक संगणक आलेला प्रश्न आपल्या सगळ्या शेजाऱ्यांना पाठवत असे. पण प्रश्नासोबत टप्प्यांची मर्यादाही जाई, बहुधा ७. दर टप्प्याला हा आकडा एकाने घटे आणि शून्यावर आला की प्रश्न थांबे. प्रत्येकाला ४ शेजारी धरले, तर ७ टप्प्यांत प्रश्न जास्तीत जास्त ४,३७२ संगणकांपर्यंत जातो. त्यापलीकडे फाइल असली तरी ती सापडत नाही.

गैरसमज : फाइल सेलूत असेल, तर वालूरकराला ती आधी सापडेल.
वस्तुस्थिती : इथला ‘शेजारी’ म्हणजे ज्याच्याशी थेट जोडणी झाली तो. तो ब्राझीलमध्येही असू शकतो. नकाशावर काही किलोमीटरवर असलेला संगणक जाळ्यात दहा टप्पे दूर असू शकतो.

गैरसमज : तोच प्रश्न जाळ्यात गोल गोल फिरत राहतो आणि फाइलही त्याच वाटेने परत येते.
वस्तुस्थिती : ग्नूटेलात प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र ओळख-क्रमांक असे. तोच क्रमांक पुन्हा आला, तर संगणक तो प्रश्न टाकून देई. उत्तर आल्या वाटेने मागे जाई. फाइल मात्र दोन संगणकांमध्ये सहसा थेट उतरवली जाई.

गैरसमज : सर्व्हर नाही म्हटल्यावर सगळ्यांना विचारत सुटण्यावाचून गत्यंतर नाही.
वस्तुस्थिती : २००१ साली याला उत्तम पर्याय पुढे आले. पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या सिल्व्हिया रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॅन’ ही रचना मांडली. तिच्यात फाइलच्या नावावरून गणिताने एक ठिकाण ठरतं आणि त्या ठिकाणाची नोंद सांभाळणारा संगणकही ठरलेला असतो. पिनकोड पाहून पत्र पुढे सरकावं, तसा प्रश्न टप्प्याटप्प्याने तिकडे सरकतो. त्याच वर्षीच्या ‘कॉर्ड’ या रचनेत दहा लाख संगणकांतही साधारण २० टप्पे पुरतात. मात्र त्यासाठी नाव अचूक लागतं. अर्धवट आठवणाऱ्या शब्दांवरून शोधायचं, तर शब्दांची वेगळी सूची करावी लागते.

गैरसमज : मालक नाही, म्हणजे मी काय शोधतो ते कुणालाच कळत नाही.
वस्तुस्थिती : ग्नूटेलात प्रश्न पुढे नेणाऱ्या संगणकांना त्यातले शब्द वाचता येत. ‘कॅन’, ‘कॉर्ड’सारख्या रचनांतही तुमचा प्रश्न अनोळखी संगणकांच्या हातून जातो. गोपनीयता हवी असेल, तर तिची सोय मुद्दाम करावी लागते. ती विकेंद्रीकरणासोबत आपोआप मिळत नाही.

तेव्हा ‘सापडलं नाही’ याचा अर्थ ‘अस्तित्वातच नाही’ असा घेऊ नये. प्रश्न कसा पसरतो आणि कुठे थांबतो, हे कळलं की त्या उत्तरावर किती विसंबायचं हेही ठरवता येतं.