थंडीत गाडी उठत नाही? ब्लॉक हीटर म्हणजे काय, आणि तो कोणाला लागतो

दिग्रसहून मी बोलतोय. आजचा भाग मोटरहोमवाल्यांसाठी. ट्रॅव्हलरमध्ये बेड आणि किचन बसवून लेह-स्पितीला निघायचं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. पण अरुणावतीच्या काठावर डिसेंबरात एका सेल्फमध्ये उठणारी गाडी काझाला पहाटे उठेलच, असं नाही.

डिझेलला थंडी का बाधते?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, हवा तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिनाचं लोखंडच गारठलेलं असेल, तर ही उष्णता तेच शोषून घेतं. वरून ऑइल घट्ट झालेलं, म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त हवा. आणि गारठलेली बॅटरी नेमकी तेव्हाच कमी जोर देते.

हीटर प्लग वेगळा, ब्लॉक हीटर वेगळा

चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो ना, तो हीटर प्लगचा. तो काही सेकंद फक्त सिलिंडरच्या आतली जागा तापवतो. ब्लॉक हीटर म्हणजे बादलीत टाकायच्या रॉडचा भाऊ समजा. तो इंजिनातलं कूलंट तापवतो, त्यामुळे आख्खा ब्लॉक कोमट होतो. कॅनडात विनिपेग, एडमंटनकडे पार्किंगमध्येच यासाठी सॉकेट असतात.

किती वेळ लावायचा?

निघायच्या आधी दोन ते चार तास. रात्रभर लावून फायदा वाढत नाही, बिल वाढतं. ५०० वॅटचा हीटर तीन तास चालला, की दीड युनिट. अर्थिंग असलेलं सॉकेट आणि जाड वायर वापरा. सेल्फ मारण्याआधी प्लग काढायला विसरू नका.

इन्व्हर्टरवर चालेल का? हिशोब करा. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मेच वापरायचे, म्हणजे ९००. पावणेदोन तासांत खेळ खलास. म्हणून मुक्कामाला बाहेरची वीज हवीच.

दिग्रसमध्ये लागतो का?

नाही. आपल्याकडे पारा ८-१० अंशांवर आला, तरी धड हीटर प्लग आणि चांगली बॅटरी पुरते. इथे गाडी अडत असेल, तर आधी तेच तपासा. खर्च वाचेल.

हीटर काय करू शकत नाही?

टाकीतलं डिझेल तो तापवत नाही. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. त्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. वर जायच्या आधी रेडिएटरमधलं बोअरचं पाणीही काढा. पाणी गोठून फुगलं, की ब्लॉक तडकतो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. चेंबरखाली किंवा टाकीखाली जाळ करू नका. बंद गाडीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही. गाडी दोन तास उशिरा उठली तरी चालेल, दोस्तहो.

हा भाग हिवाळ्यात वर निघालेल्या मित्राला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!