वसईच्या किल्ल्यातून लिस्बनला

आमच्या भिशीत गेलं वर्षभर एकच विषय आहे, पहिला परदेश प्रवास. मुलं मार्गी लागली, गुडघे अजून साथ देताहेत, मग जायचं कुठे? कुणी सिंगापूर म्हणतं, कुणी दहा दिवसांत सात देश दाखवणारी युरोपची सहल. मी पोर्तुगालचं नाव काढलं, तर एकीने पटकन विचारलं, ''चिमाजीअप्पांनी ज्यांना हाकललं, त्यांच्या घरी कशाला जायचं गं?''

प्रश्न रास्त आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांनी वसई मिळवली, १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत इथे देवळं पडली, चर्च उभी राहिली, धर्मांतरं झाली. पण म्हणूनच तो देश पाहावा, असं मला वाटतं. सात देशांच्या सहलीत बसच्या खिडकीतून राजवाडे दिसतात आणि घरी आल्यावर कुठला कुठे होता तेही आठवत नाही. इथे निदान आपला काहीतरी धागा आहे.

त्यामुळे तयारीची सुरुवात वसईच्या किल्ल्यातच करा. रविवारी फोटोपुरतं नको, दोन तास काढून जा. बालेकिल्ल्याच्या दारावरचं पोर्तुगीज राजचिन्ह नीट बघा. फ्रान्सिस्कन चर्चमधल्या फरशीवर थडग्यांचे कोरीव दगड आहेत, तेही पाहा. मग लिस्बनमधला बेलेंचा बुरूज आणि जेरोनिमोशचा मठ पाहताना ओळखीचं काही भेटल्यासारखं होईल. या दोन्ही वास्तू १९८३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. वास्को द गामाची समाधी या मठातच आहे. कार्मोचं चर्च तर बिनछपराचंच उभं आहे. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने लिस्बन जमीनदोस्त केलं, त्याची ती खूण.

भाषेची भीती वाटते? अहो, चावी, बादली, साबण, पाव, बटाटा हे आपले रोजचे शब्द तिकडूनच आलेत. उच्चार वेगळे, पण दुकानात 'बटाटा' म्हटलं तर बटाटाच मिळेल!

खरी अडचण कागदांची. आणि ती आपल्यासारख्या घर सांभाळणाऱ्या बायकांना जास्त. शेंगेन व्हिसासाठी बँकेचा हिशोब दाखवावा लागतो. भिशीचे पैसे डब्यात साठवलेले असतात, ते तिथे दिसत नाहीत. अर्जाच्या आधी एकदम मोठी रक्कम भरली तर उलट शंका येते. म्हणून आजपासून स्वतःच्या नावावरच्या खात्यात दरमहा भरत जा. खर्च नवरा किंवा मुलगा करणार असेल, तर त्याचं पत्र आणि त्याच्या उत्पन्नाचे कागद जोडता येतात. पण आपलं खातं असलं की आपल्यालाच धीर येतो, हे मी मुद्दाम सांगते.

दुसरी गोष्ट नावाची. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असा घोळ अनेकींचा असतो. तो आधी निस्तरा. तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढायचं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा. प्रवास विमा ३० हजार युरोंचा लागतो. जून २०२४ पासून मोठ्यांसाठी व्हिसाची फी ९० युरो झाली आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर अजिबात ढकलू नका.

आठ दिवस असतील तर सगळा देश पालथा घालू नका. लिस्बनमध्येच मुक्काम ठेवा, एक दिवस लोकलसारख्या गाडीने सिंत्राचे राजवाडे बघून या. विरार लोकलची सवय असलेल्यांना तो प्रवास म्हणजे आरामच! मात्र शहर चढउतारांचं आहे आणि रस्ते दगडी, गुळगुळीत. नवे बूट इथेच महिनाभर वापरून पायात मुरवा. आणि वारांचा हिशोब ठेवा. जेरोनिमोशचा मठ सोमवारी बंद असतो, कार्मो रविवारी.