जॅक्सन रोड्स
जॅक्सन रोड्स ही हेवी मेटल वादकांसाठी घडवलेली, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची इलेक्ट्रिक गिटार आहे. ऑझी ऑस्बोर्न यांचे गिटारवादक रँडी रोड्स यांनी १९८० च्या अखेरीस ग्रोव्हर जॅक्सन या अमेरिकन कारागिराकडे तिची मागणी नोंदवली. पहिली, पांढरी गिटार गिब्सन कंपनीच्या १९५८ मधील 'फ्लाइंग व्ही'सारखी भासत असल्याने दुसऱ्या, काळ्या गिटारचा वरचा पंख लांब व खालचा आखूड ठेवण्यात आला. दांडा शरीरातून आरपार गेलेला असल्यामुळे टोकाच्या पडद्यांपर्यंत बोटे सहज पोहोचतात. दुहेरी वेटोळ्यांचे हंबकर पिकअप विजेची गुणगुण दाबतात. डिस्टॉर्शनमुळे ती गुणगुणही कित्येक पटींनी वाढत असल्याने हे आवश्यक ठरते. बसून वाजवण्यास मात्र हा आकार गैरसोयीचा आहे. १९ मार्च १९८२ रोजी विमान अपघातात रोड्स यांचे वयाच्या २५ व्या वर्षी निधन झाले. नंतर ही गिटार त्यांच्याच नावाने बाजारात आली.