साडेसहाचं हसू

लंडनमध्ये संध्याकाळचे सहा वाजले की बीबीसी रेडिओ फोरवर अर्धा तास बातम्या असतात. युद्ध, संप, महागाई, पार्लमेंटातली खडाजंगी. साडेसहाला बातम्या संपतात आणि पुढच्याच क्षणी एक भरलेलं सभागृह खो खो हसू लागतं. सोमवार ते शुक्रवार हा क्रम वर्षानुवर्षे चालू आहे. आपल्या घड्याळात तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे अकरा आणि हिवाळ्यात बारा वाजलेले असतात. तिकडे मात्र ती भाजी चिरण्याची, गाडी चालवत घरी परतण्याची वेळ. या अर्ध्या तासाबद्दल तिथला श्रोता जितक्या तावातावानं बोलतो, तितका तो अर्थसंकल्पाबद्दलही बोलत नसेल!

बोलायला जागाही आहे. १९७९ पासून बीबीसीनं ‘फीडबॅक’ नावाचा कार्यक्रमच श्रोत्यांच्या तक्रारींसाठी ठेवला आहे. पत्रं यायची, मग ई-मेल येऊ लागले, आणि निर्मात्याला माइकसमोर बसवून उत्तर मागितलं जातं. ब्रिटनमध्ये लायसन्स फी भरावी लागते ती टीव्हीसाठी, रेडिओसाठी वेगळं लायसन्स १९७१ मध्येच रद्द झालं. पण त्याच पैशातून रेडिओ चालतो, त्यामुळे ‘आमच्या पैशानं आम्हाला हे ऐकवता?’ हा सूर कायम असतो.

सर्वांत जुनी आणि सर्वांत मनापासूनची तक्रार कशाची असेल? हसण्याची. विनोद फुसका होता, मग ही माणसं एवढी का हसली? हे हसू टेपवरचं तर नाही ना? हा संशय बहुतेक वेळा चुकीचा असतो. हे कार्यक्रम खऱ्या प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित होतात आणि तिकिटं बहुधा मोफत असतात. ‘न्यूज क्विझ’चं मुद्रण गुरुवारी होतं, अर्ध्या तासापेक्षा बरंच जास्त, आणि शुक्रवारी काटछाट करून ते हवेत जातं. आता गंमत अशी, की सभागृहातल्या माणसाला कलाकाराची भुवई दिसते, त्यानं शेजाऱ्याकडे टाकलेला कटाक्ष दिसतो. शिवाय तो शेकडो माणसांत बसलेला असतो, आणि हसणं हे जांभईसारखं पसरतं. घरी ऐकणारा एकटा असतो, त्याला फक्त शब्द मिळतात. दोघांच्या हसण्यात जे अंतर पडतं, तेच त्या रागाचं मूळ आहे. कलाकाराला मात्र ते हसू हवं असतं, कारण पुढचं वाक्य कधी टाकायचं हे त्यावरूनच कळतं.

हसू काढून टाकलं तर? तेही करून झालं आहे. ८ मार्च १९७८ च्या रात्री साडेदहा वाजता डग्लस अॅडम्सचं ‘हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ सुरू झालं, ते प्रेक्षकांविना. आवाजांचे थरावर थर चढवून केलेली ती अवकाशकथा सभागृहात बसणारच नव्हती. गाजावाजा नव्हता, वेळ आडनिडी होती, तरी तोंडोतोंडी कीर्ती झाली आणि त्याच वर्षी ती पुन्हा लावावी लागली. २००५ मध्ये आलेलं ‘एड रिअर्डन्स वीक’, एका कफल्लक लेखकाची रोजनिशी, तेही हशाविना चालतं. तेव्हा हशा हवाच असा नियम नाही. पण चार जण टेबलाभोवती बसून एकमेकांची टोपी उडवतात, त्या खेळात शांतता पसरली तर ती असह्य होईल, असं मला वाटतं.

अशा खेळांचा बादशहा म्हणजे ‘आय अॅम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’. १९७२ पासून चालू आहे. त्यात ‘मॉर्निंग्टन क्रेसंट’ नावाचा खेळ आहे. खेळाडू आळीपाळीनं लंडनमधली ठिकाणं घेतात आणि जो त्या भुयारी रेल्वे स्टेशनाचं नाव घेतो तो जिंकतो. मग पहिल्याच फेरीत ते नाव का घेत नाही? कारण नियम फार गहन आहेत म्हणे. खरं तर नियमच नाहीत, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलायचं नाही, हाच नियम. श्रोत्यांच्या पत्रांनाही इथं सोडलेलं नाही. नॉर्थ वेल्समधल्या कुणा मिसेस ट्रेलिसचं पत्र वाचून दाखवलं जातं. या बाई अर्थातच काल्पनिक, आणि त्यांना आपण कुणाला लिहितो आहोत याचा पत्ता नसतो. खरं मॉर्निंग्टन क्रेसंट स्टेशन १९९२ मध्ये बंद पडलं होतं. १९९८ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा उद्घाटनाला बोलावलं ते याच कार्यक्रमातल्या मंडळींना!

या कार्यक्रमाचे सूत्रधार हम्फ्री लिटलटन, पेशानं जॅझवादक, २००८ मध्ये वारले. आता हे बंद करा, असं म्हणणारे श्रोते बरेच होते. वर्षभरानं कार्यक्रम परतला, जॅक डी त्या खुर्चीवर बसला. टिम ब्रुक-टेलर २०२० मध्ये कोविडनं गेले, बॅरी क्रायर २०२२ मध्ये. खेळ चालूच राहिला. ‘पूर्वीची मजा नाही’ हे वाक्य प्रत्येक बदलाला ऐकू आलं. ‘जस्ट अ मिनिट’चंही तसंच. न अडखळता, पुनरुक्ती न करता, विषय न सोडता एक मिनिट बोलायचं. निकोलस पार्सन्स यांनी पन्नासहून अधिक वर्षं तो चालवला. २०२० मध्ये ते गेले, आणि २०२१ पासून स्यू पर्किन्स सूत्रं सांभाळू लागल्या. २०१२ मध्ये याचे दोन भाग आपल्या मुंबईत ध्वनिमुद्रित झाले, पॉल मर्टनच्या बरोबरीनं आपले सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल बसले होते.

इथं एक गोष्ट विसरली जाते. १९६७ मध्ये ‘जस्ट अ मिनिट’चा नमुन्याचा भाग बीबीसीच्या वरिष्ठांना मुळीच रुचला नव्हता. डेव्हिड हॅच हा तरुण निर्माता हट्टाला पेटला म्हणून तो वाचला. १९५१ मध्ये ‘गून शो’ आला तेव्हाही वरिष्ठांना तो नीट कळला नव्हता, त्यांनी पहिल्या मालिकेचं नाव ‘क्रेझी पीपल’ ठेवलं. त्याचा लेखक स्पाइक मिलिगन हा जन्मानं नगरचा, १९१८ चा. वडील लष्करात, त्यामुळे बालपणाचा काही काळ पुण्यात गेला. आज तो ब्रिटिश विनोदाचा आजोबा मानला जातो.

तक्रारीच्या धास्तीनं बीबीसीनं काय काय केलं याचा एक नमुना सांगतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस विनोदी लेखकांसाठी एक नियमपुस्तिका निघाली. त्यात मधुचंद्रावरचे विनोद वर्ज्य, बायकांच्या अंतर्वस्त्रांवरचे वर्ज्य, आणि सशांच्या सवयींवरचेही वर्ज्य!

आजची तक्रार सशांची नाही, राजकारणाची आहे. हे विनोदवीर सगळे डावीकडचे, असं एक गट म्हणतो. सत्तेवर जो असेल त्याचीच टिंगल होणार, असं दुसरा म्हणतो. हुजूर पक्ष २०१० ते २०२४ सलग सत्तेवर होता, तेव्हा दोघांचंही थोडं खरं असावं. पण मला जास्त काळजी वाटते ती वेगळीच. ‘द नाऊ शो’ २६ वर्षं चालून २०२४ मध्ये थांबला. बीबीसीची तिजोरी आटत चालली आहे. जुन्या खेळांना हक्काचा श्रोता आहे, ते टिकतील. नव्या लेखकाला मात्र पहिल्या चार भागांतच ‘हसू आलं नाही’ असा शेरा मिळतो, आणि पाचवी संधी देण्याइतका पैसा आता कुणाकडे नाही. ‘गुडनेस ग्रेशस मी’ १९९६ मध्ये रेडिओवर सुरू झालं, दोन वर्षांनी टीव्हीवर गेलं, आणि मुंबईत जन्मलेली नीना वाडिया, मीरा स्याल, संजीव भास्कर ही नावं घराघरांत पोचली. हिंदी माणसांनी इंग्रजांची फिरकी घ्यायची, ही कल्पना आधी स्वस्तातल्या रेडिओवर घासूनपुसून झाली होती. तो उंबरठाच राहिला नाही, तर असे लोक आत शिरणार कुठून?

आपल्याला ऐकायचं असेल तर ‘बीबीसी साउंड्स’ हे अॅप २०२५ मध्ये ब्रिटनबाहेरच्यांसाठी बंद झालं आहे. रेडिओ फोर मात्र बीबीसीच्या संकेतस्थळावर मिळतं. ‘न्यूज क्विझ’ची मालिका चालू असली तर शुक्रवारचा भाग शनिवारी तिकडे दुपारी साडेबाराला पुन्हा लागतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, हिवाळ्यात सहा. म्हणजे चहाची वेळ.