२६ दिवसांत कादंबरी, नाहीतर नऊ वर्षं फुकट

आज दस्तयेव्हस्की. घाबरू नका, आख्खं चरित्र सांगत बसणार नाही. मला फक्त एका वर्षाबद्दल बोलायचंय, १८६६. त्या वर्षी हा माणूस आपलं पुढच्या नऊ वर्षांचं लिखाण फुकटात घालवून बसणार होता आणि वाचला तो एका वीस वर्षांच्या मुलीच्या शॉर्टहँडमुळे.

थोडी पार्श्वभूमी. फ्योदोर दस्तयेव्हस्की मूळचा आपल्यातलाच, म्हणजे इंजिनिअर! पीटर्सबर्गमध्ये लष्करी इंजिनिअरिंग शिकला, जेमतेम वर्षभर नोकरी केली आणि १८४४ मध्ये राजीनामा देऊन लिहायला बसला. (हे घरी सांगू नका.) १८४९ मध्ये सरकारविरोधी चर्चा करणाऱ्या एका मंडळात जायचा म्हणून अटक झाली. गोळ्या घालायला मैदानात उभं केलं आणि ऐनवेळी शिक्षा बदलल्याचं सांगितलं. मग ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षं सक्तमजुरी, त्यानंतर सैन्यात साधा शिपाई. पीटर्सबर्गला परत यायला १८५९ चा शेवट उजाडला.

१८६४ मध्ये एप्रिलात बायको गेली आणि जुलैत मोठा भाऊ मिखाईल. दोघे भाऊ मिळून मासिक चालवायचे. त्याचं कर्ज आणि भावाचं कुटुंब, दोन्ही याने अंगावर घेतलं. मासिक पुढच्या वर्षी बंद पडलं. सावकार दारात, कर्जापायी तुरुंगात जायची वेळ.

अशात स्तेलोव्हस्की नावाचा प्रकाशक भेटला. १८६५ च्या उन्हाळ्यातला त्यांचा करार असा: तीन हजार रूबल देतो, तुझी आतापर्यंतची सगळी पुस्तकं मी छापणार. शिवाय १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी द्यायची. नाही दिलीस, तर पुढची नऊ वर्षं तू जे काही लिहिशील ते मी छापेन, एक पैसा न देता.

आता तुम्ही म्हणाल, असल्या कागदावर सही कोण करतं? मी केली होती. पहिल्या नोकरीचा बाँड न वाचता सही केला आणि सोडून जायची वेळ आली तेव्हा वाचला. फरक इतकाच की दस्तयेव्हस्कीने वाचून सही केली. बहुतेक पैसे देणेकऱ्यांकडे गेले. उरलेले थोडे घेऊन तो जर्मनीत व्हीसबाडेनला गेला आणि काही दिवसांत रूलेवर हरून बसला.

मला विचाराल तर तो करारसुद्धा रूलेच होता. वर्ष मोठं आहे, लिहू की!

पण १८६६ च्या जानेवारीपासून 'क्राइम अँड पनिशमेंट' एका मासिकात क्रमशः यायला लागली. सगळं डोकं तिकडे. जूनमध्ये एका पत्रात हा लिहितो, दोन कादंबऱ्या एकदम लिहीन, एक सकाळी, एक संध्याकाळी. एस्टिमेट देताना आपण सगळेच असे शूर असतो. ऑक्टोबर उजाडला तेव्हा दुसऱ्या कादंबरीची एक ओळही झाली नव्हती.

मिल्युकोव्ह नावाचा मित्र म्हणाला, आम्ही सगळे एकेक प्रकरण लिहून देतो. याने नकार दिला, दुसऱ्याच्या लिखाणाखाली माझं नाव नको म्हणाला. मग मिल्युकोव्हनेच शॉर्टहँडचं सुचवलं. रशियात तेव्हा ही विद्या नवीन होती. शॉर्टहँड शिकवणाऱ्या ओल्खिनने आपली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी पाठवली, आन्ना स्नित्किना. कामाचे ५० रूबल. ४ ऑक्टोबरला ती दारात उभी. (या तारखा जुन्या रशियन कॅलेंडरच्या, आपल्यापेक्षा १२ दिवस मागे.)

पहिला दिवस वाईट गेला. हा चिडचिडा, तिचं नाव विसरणारा. परीक्षा म्हणून मासिकातला उतारा भराभर वाचून दाखवला आणि तिने एक पूर्णविराम सोडला म्हणून कुरकुरला. पण हळूहळू पद्धत बसली. रात्री हा टिपणं काढायचा, दुपारी बारा ते चार बोलून सांगायचा, ती घरी जाऊन सगळं साफ अक्षरात उतरवून दुसऱ्या दिवशी आणायची. मग प्रश्न ठरलेला: काल किती पानं झाली? वेळेत होईल ना? आमची रोजची स्टँडअप मीटिंग याहून वेगळी नसते.

या भानगडीतून जन्मलेली कादंबरी म्हणजे 'द गॅम्बलर'. जर्मनीतलं एक काल्पनिक गाव, रूलेने झपाटलेला तरुण शिक्षक, आणि एक म्हातारी, जिच्या मरणाकडे वारस डोळे लावून बसलेत. ती एके दिवशी चांगली ठणठणीत तिथे येऊन टपकते आणि स्वतःच खेळायला बसते! आन्नाने आठवणींत लिहिलंय की तिला ही म्हातारी आवडायची, नायकाचा दुबळेपणा मात्र सहन होईना. दस्तयेव्हस्की पूर्णपणे जुगाऱ्याच्या बाजूने.

२९ ऑक्टोबरला सांगणं संपलं, म्हणजे २६ दिवस. ३० ला, त्याच्या वाढदिवशी, तिने शेवटची पानं आणून दिली. १ नोव्हेंबरला हा हस्तलिखित घेऊन गेला तर स्तेलोव्हस्की गावातच नाही. कारकून म्हणतो, मला घ्यायचा अधिकार नाही. असं होईल या भीतीने आन्नाने वकिलाचा सल्ला आधीच घेऊन ठेवला होता: पोलिसांकडे द्या आणि पावती घ्या. चौकीत दिवसा साहेब नाहीत, संध्याकाळी या! शेवटी रात्री दहाच्या सुमारास पावती हातात पडली. मुदत संपायला दोन तास.

८ नोव्हेंबरला त्याने तिला मागणी घातली. सरळ नाही, एका आजारी, कर्जबाजारी चित्रकाराची गोष्ट रचून विचारलं की अशा माणसावर तरुण मुलगी प्रेम करेल का? फेब्रुवारी १८६७ मध्ये लग्न झालं आणि त्याच वर्षी बाडेनमध्ये, ज्या नायकाला ती माफ करू शकत नव्हती तो तिच्या घरातच निघाला. कानातले, ब्रोच, लग्नाच्या अंगठ्यासुद्धा गहाण पडल्या. जुगार सुटला तो १८७१ मध्ये.

लेखांमध्ये तिला 'समर्पित पत्नी' म्हणून गुंडाळतात, ते मला पटत नाही. १८७३ मध्ये 'डेमन्स' पुस्तकरूपात काढायची वेळ आली तेव्हा तिने कागद, छपाई, बांधणी यांचे भाव स्वतः काढले, पुस्तक नवरा-बायकोने स्वतःच छापलं आणि विक्रेत्यांशी कमिशनची घासाघीस तिने घरी बसून केली. त्या पुस्तकावर कुठल्याही स्तेलोव्हस्कीचा हक्क नव्हता.

'द गॅम्बलर' छोटी आहे, एका रविवारात संपेल. म्हातारी कुणाला आवडली ते कळवा. भेटू पुढच्या भागात!